उलगडलेला हात

विजयमाला हावळेला माणसाची कातडी सपाट करता यायची. नव्या पाहुण्यांना ती हे मुद्दाम असंच सांगायची, आणि समोरचा कप तोंडाशी थबकला की तिला आतून गुदगुल्या व्हायच्या. मग सावकाश खुलासा करायची, की ती कुणाला सुरी लावत नाही, सगळं काम पडद्यावर चालतं. तोवर पाहुण्यांचा चहा निवून गेलेला असायचा.

मिरजेच्या त्या त्वचागृहात भाजलेल्या लोकांसाठी नवी त्वचा वाढवत. त्वचा वाढते ती उथळ ताटात, सपाट. माणूस मात्र कुठेच सपाट नसतो. म्हणून आधी त्याच्या हाताची त्रिमिती प्रतिकृती संगणकात उभी करायची, हजारो बारीक चौकोनांच्या जाळीची. त्या जाळीवर कुठे कापायचं ते ठरवायचं, तिथे ती उसवायची आणि सपाट पसरायची. पसरलेल्या आकारावर त्या माणसाचा पोत चढवायचा, म्हणजे रंग, तीळ, रेषा, लव कुठल्या बाजूला झुकते ते सगळं. त्या नकाशाप्रमाणे ताटात त्वचा वाढायची आणि पाच आठवड्यांनी सर्जन ती हातावर चढवून कापलेल्या रेषांवर शिवून टाकायचे.

सुरुवातीला हे काम तीन इंजिनिअर करत होते आणि त्यांच्या नाकी नऊ आले होते. करंगळी आखूड व्हायची, अंगठ्याच्या मुळाशी झोळ यायचा. शेवटी तिथल्या प्रमुख डॉ. कित्तूरबाईंना आपली शिंपीण आठवली. मापाचं जुनं ब्लाउज उसवून, कागदावर पसरून, त्यावरून नवं बेतणारी विजयमाला. पंचेचाळिसाव्या वर्षी ती खुर्चीत बसली आणि चार महिन्यांत तिन्ही इंजिनिअर तिला विचारून रेषा मारू लागले. शिवण कुठे लपवायची हे तिला शिकवावं लागलं नाही. बोटांच्या आतल्या कडेला, करंगळीखालून, जिथे कुणी बघत नाही तिथे.

उलगडणी झाली की ती त्या प्रतिकृतीवर आधी चौकटीचं कापड चढवायची, पडद्यावरचंच, काळ्यापांढऱ्या चौकोनांचं. चौकोन चौकोनच दिसले तर बेत बरोबर. कुठे लांबट झाले, तिरके झाले, तर तिथे ताण आहे, म्हणजे त्वचा तिथे ओढणार. या तपासणीवाचून तिच्या हाताखालून एकही ताट पुढे गेलं नव्हतं. एक सोडून.

ते एक केतकीचं होतं. केतकी तिची मुलगी, एकुलती. नवरा लवकर गेल्यावर त्या दोघींनीच घर चालवलं होतं, एकीनं मशीन मारून आणि दुसरीनं शिकून. केतकी बाहेर पडताना दारातून 'येते' म्हणायची, पण मशीनच्या खडखडाटात आईला ते ऐकू जायचं नाही. म्हणून जाण्याआधी ती मशीनच्या फळीवर दोन बोटांनी टकटक करायची, दोनदा. विजयमाला मान वर न करताच 'ये' म्हणायची. केतकीच्या बाविसाव्या वर्षापर्यंत घरात हेच चाललं. तेविसाव्या वर्षी केतकीच्या रक्तात बिघाड निघाला.

त्वचागृहाला तेव्हा नमुने हवे होते. ज्याचे दोन्ही हात भाजलेत त्याचा पोत घेणार कुठून? अशांसाठी धडधाकट हातांचा साठा लागायचा. केतकी म्हणाली, बाकीचं सगळं नासलंय, हात तेवढे चांगले आहेत, घेऊन टाका. पण प्रतिकृती टिपणारं यंत्र तिच्या खोलीत आणेपर्यंत तिची बोलायची ताकद गेली होती. तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा होता आणि हात पोकळ नळीत अकरा मिनिटं स्थिर ठेवायचा होता. तो स्थिर राहीना. तेव्हा विजयमालानं नळीत आपला हात घालून तिचं मनगट घट्ट धरून ठेवलं. यंत्र थांबल्यावरही सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी केतकी गेली, तेव्हा परिचारिकेला विजयमालाची बोटं एकेक करून उकलावी लागली. 'लेकीनं शेवटपर्यंत माझा हात सोडला नाही,' असं विजयमाला भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, आणि त्या वाक्यावर तिनं पुढची सहा वर्षं काढली.

त्या हाताची उलगडणी तिनं दुसऱ्या कुणाला करू दिली नाही. रंगाच्या थरात तिची स्वतःची बोटं आली होती, ती पुसून खालचा रंग भरला. नियम होता की नमुना मनगटाच्या वळीवर कापायचा. तिथे मात्र तिचा हात चालेना. केतकीच्या मनगटावरून कात्री फिरवायची, मग ती पडद्यावरची का असेना. तिनं शिंप्याच्या सवयीनं वळीच्या मागे चार बोटं जास्तीची कातडी ठेवली, पुढेमागे लागली तर असू दे म्हणून. चौकटीचं कापड चढवलंच नाही. मुलीच्या हातावर ते काळेपांढरे चौकोन तिला बघवले नसते. नमुना साठ्यात गेला, क्रमांक चार.

सहा वर्षांत क्रमांक चार सतरा जणांच्या हातावर चढला. निवड करायला विजयमालाच बसायची. रंग जुळला की ती चौथाच पुढे करायची आणि कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

*

शमीम मुल्लांची बेकरी होती. भट्टीच्या भडक्यात दोन्ही हात गेले होते, त्यातला उजवा आता क्रमांक चारचा होता. तपासणीला आल्या तेव्हा त्यांनी आधी डॉक्टरांना बिस्किटांचा पुडा दिला, मग हात टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे परक्याच्या सामानाकडे बघावं तसं बघत राहिल्या.

"दुखत न्हाई," त्या म्हणाल्या. "पण कुणीतरी धरलंय. हितं, मनगटाला. पीठ मळाय हात पुढं घातला की मागनं धरतंय."

डॉ. कित्तूर म्हणाल्या, नव्या तंतूंना वेळ लागतो, असे भास होतात, सहा महिन्यांत जातील. कोपऱ्यात विजयमाला नोंदी बघत बसली होती, तिनंही मान डोलावली. शमीमभाभी जायला उठल्या आणि दारात थांबून म्हणाल्या, "अंगठ्याला घट्टा हाय त्याच्या. हिकडल्या बाजूला. खरखरीत लागतो."

विजयमालानं आपला उजवा अंगठा मुठीत लपवला. तीस वर्षं कात्री धरून त्याच्या आतल्या कडेला घट्टा पडला होता.

त्वचेचा नकाशा तीन थरांचा असतो. पहिला रंगाचा, दुसरा उंचसखलपणाचा आणि तिसरा स्पर्शाचा. त्वचेखाली मज्जातंतूंची टोकं कुठे दाट आहेत, कुठे विरळ, ते या तिसऱ्या थरात असतं. यंत्राला टोकं मोजता येत नाहीत. अकरा मिनिटांत जी टोकं जागी असतात, ती त्याला दिसतात, आणि जिथे जागी टोकं दिसतील तिथे ते दाट ठिपके नोंदवतं. ताटातल्या त्वचेत मग तिथे जास्त तंतू ओढले जातात. रिकाम्या हातावर ही रीत बिनचूक चालते. पण त्या अकरा मिनिटांत कुणी हात धरून बसलं असेल, तर यंत्र ती पकडसुद्धा हाताचाच भाग समजणार. विजयमालानं पहिला थर पुसला होता. तिसरा तिला पुसायचं सुचलंच नव्हतं, आणि वळीच्या मागे राखलेल्या कातडीबरोबर पकडही नमुन्यात राहिली होती.

पुढच्याच आठवड्यात जतच्या डेपोतला ऐवळे नावाचा कंडक्टर आला. घंटीची दोरी ओढायला हात वर केला की कुणीतरी मनगट धरतं, म्हणाला, आणि घरात कुणाला सांगायची सोय नाही, बायको देवऋष्याकडे न्यायला टपलीय. डॉक्टर हसल्या. विजयमालानं त्याची तक्रार भासांच्या नोंदीत लिहून टाकली. तिला मनात काय वाटलं ते ऐकून कुणालाही तिचा राग येईल, पण खरं ते सांगायला हवं. तिला आनंद झाला. सतरा गावांत, सतरा हातांवर, तिनं अजून केतकीचा हात धरून ठेवला होता.

*

ती शमीमभाभींच्या बेकरीत जाऊ लागली. पाव घ्यायचं निमित्त करून, सकाळचं, गर्दी ओसरल्यावर. बघू कसा आहे हात, कुणीतरी मायेनं धरलं असेल, म्हणायची आणि मनगट हातात घ्यायची. पहिल्या वेळी बोटं आपोआप जागेवर बसली. खालून चार, वरून अंगठा, जसा कुणी साचा करून ठेवावा. त्वचा केतकीची होती. अंगठ्याच्या मुळाशी तोच बारीक तीळ होता, जो तिनं स्वतः जपून उलगडला होता. डोळे मिटले की भट्टीची ऊब आजाऱ्याच्या तापासारखी लागायची. गिऱ्हाईक येईपर्यंत ती तशीच बसायची. भाभी भल्या बाई, काही बोलायच्या नाहीत.

चौथ्या वेळी बोलल्या. विजयमालानं हात धरला होता आणि भाभींनी तो अगदी सैल सोडला होता, तरी तो हळूहळू पुढे सरकत होता. पाटावर ठेवलेलं काहीतरी घ्यायला जावं तसा.

"ताई, एक सांगू? राग मानू नका. तुम्ही म्हणताय कुणीतरी मायेनं धरलंय. असंल. पण ह्या हाताला ते नगं हाय. ह्यो सुटाय बघतोय."

"नव्या कातडीला ताण असतो," विजयमाला म्हणाली.

"ताण मला कळतो की. रोज कणीक ओढते मी." भाभींनी हात मागे घेऊन पदराखाली झाकला. "तुम्ही धरला की जास्तच धडपडतोय. आता नका धरू."

विजयमाला पाव न घेताच बाहेर पडली. रस्ताभर तिच्या मनात भाभींबद्दल वाईटसाईट येत होतं. एवढा कोरा करकरीत हात दिला, तर हे बोलणं. त्वचागृहाच्या पायऱ्या चढेपर्यंत तो राग विझला आणि ती सरळ पडद्यापुढे जाऊन बसली. कारण ताण खरा की खोटा, हे बघायची रीत तिच्याकडे होती. सहा वर्षं ती टाळली होती, एवढंच.

तिनं क्रमांक चार उघडला. केतकीचा हात पडद्यावर आला, मनगटाच्या चार बोटं मागे तुटलेला, हवेत तरंगणारा, मंद फिरणारा. तिनं त्यावर चौकटीचं कापड चढवलं.

चौकोन राहिलेच नव्हते. मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत सगळे लांबच लांब ओढले गेले होते. आणि तिनं जास्तीची म्हणून ठेवलेल्या त्या चार बोटं कातडीवर, पकडीच्या मागे, ते एकमेकांत दाटीनं गोळा झाले होते.

कापड कुणी कुठून ओढलं हे शिंप्याला चुण्या बघून कळतं. दुसऱ्या कुणाला त्या चौकोनांत नुसता गोंधळ दिसला असता. विजयमालाला हात दिसला. हात पुढे जात होता, आणि पकड त्याला मागे धरून होती. नुसता थरथरणारा हात असता तर चुण्या चहूकडे पडल्या असत्या. या सगळ्या एकाच दिशेच्या होत्या. केतकी अकरा मिनिटं, अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून, आईच्या मुठीतून हात सोडवायला बघत होती.

लेकीनं शेवटपर्यंत माझा हात सोडला नाही. ते वाक्य तिनं एकदा मनात म्हणून बघितलं. ते उलट होतं. सोडला नव्हता तो तिनं स्वतःच. आणि शेजारच्या खोलीत, काचेमागे, अठरावं ताट वाढत होतं. विट्याच्या एका यंत्रमागवालीसाठी, क्रमांक चारचंच. शस्त्रक्रिया शुक्रवारी होती. आज बुधवार. गप्प बसली असती तर कुणाला पत्ता लागला नसता, आणि केतकीचा हात साठ्यात आणखी कित्येक वर्षं राहिला असता.

ती उठली आणि डॉ. कित्तूरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. नळीत घातलेला हात, पुसलेली बोटं, न कापलेली वळी, न केलेली तपासणी. बेकरीतल्या चार सकाळीसुद्धा.

डॉक्टरांनी फोन करून अठरावं ताट थांबवलं. आवाज चढवला नाही, पण त्या दिवशी त्यांनी विजयमालाला बसा म्हटलं नाही. जास्तीची कातडी आता कापून नमुना वाचेल का, एवढं तिनं विचारलं. वाचणार नव्हता. ताण नखांपर्यंत गेला होता. क्रमांक चार संपूर्ण पुसावा लागणार होता.

"आणि ज्यांच्या अंगावर चढलाय ते?"

"नवी त्वचा वर्षानुवर्षं शिकत असते," डॉक्टर म्हणाल्या. "तिला वाटतंय पकड अजून आहे. पकड सुटल्याचं तिला एकदा खरंखुरं कळलं, तर ते तंतू शांत होतील. आधी कृत्रिम पंजानं करून बघू."

सोमवारी शमीमभाभींना बोलावलं. मऊ रबराचा, अंगाएवढा गरम पंजा त्यांच्या मनगटावर बसवला, सोडला, पुन्हा बसवला. चाळीस वेळा. भाभी कंटाळून म्हणाल्या, हे दुसरंच कुणीतरी धरतंय, आधीचं आहे तिथंच आहे. डॉक्टरांनी पंजा काढून ठेवला आणि विजयमालाकडे बघितलं. काय करायचं ते दोघींनाही कळलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला तिघी एका पांढऱ्या टेबलाशी बसल्या. भाभींना विजयमालानं स्वतः सगळं सांगितलं होतं. त्या ऐकून रडल्या होत्या आणि मग, बाईमाणूसच ती, जेवलात का म्हणून विचारलं होतं. आता त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

विजयमालानं मनगट धरलं. खालून चार बोटं, वरून अंगठा. डॉक्टरांनी घड्याळ लावलं.

तिसऱ्या मिनिटाला हात पुढे ओढू लागला. भाभींचा खांदा सैल होता, कोपर टेबलावर टेकलेलं होतं, त्या बाहेर बघत होत्या. नुसती कातडीच पुढे जात होती, तीळ तसूतसूनं सरकत होता. विजयमालाच्या मुठीला हे ओढणं ओळखीचं वाटलं. तेव्हाही असंच लागलं होतं. तेव्हा तिला वाटलं होतं, पोर घाबरलीय, आणखी घट्ट धरावं. तिनं आणखी घट्ट धरलं होतं.

"अकरा," डॉक्टर हळूच म्हणाल्या.

बोटं उघडेनात. तिनं मनाला सांगून बघितलं, बोटांना सांगून बघितलं. परिचारिकेनं उकलली होती तशी कुणीतरी येऊन उकलावीत, असं तिला वाटलं. पण कुणी आलं नाही. मग तिनं करंगळी उचलली. मग शेजारचं बोट. मधलं. तर्जनीला फार वेळ लागला. शेवटी घट्ट्याचा अंगठा राहिला, तोही तिनं उचलला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

मोकळा झालेला हात टेबलावर पुढे सरकला, वीतभर. थांबला. त्याची दोन बोटं उचलली गेली आणि टेबलाच्या फळीवर टकटक झालं. दोनदा.

शमीमभाभी दचकून वळल्या. आपल्याच हाताकडे बघत म्हणाल्या, "ताई, हे मी न्हाई केलं."

हात आता निपचित पडला होता, बोटं जराशी उघडी, भट्टीवाल्या एका बाईचा साधा हात. बाहेर बाकावर ऐवळे कंडक्टर आपली पाळी यायची वाट बघत होता, आणि त्याच्यानंतर आणखी पंधरा जण यायचे होते.

विजयमालानं मान वर केली नाही. ती आयुष्यभर म्हणायची तशीच, कामात असल्यासारखी म्हणाली, "ये."